जार पडेपर्यंत

खरवस न आवडणारा माणूस आमच्या मराठवाड्यात सहसा भेटायचा नाही. जायफळ-वेलदोडा घातलेला, वाफेवर घट्ट झालेला, सुरीने वड्या पाडलेला तो पिवळसर पदार्थ घरात आला की पहिला प्रश्न येतो, गाय कुणाची व्याली? दुसरा येतो, कालवड की गोऱ्हा? वासराची चौकशी बहुधा तेथेच संपते. ज्या चिकाचा हा खरवस झाला तो चीक त्या वासराच्या पोटात गेला का, आणि गेला तर किती वाजता गेला, हे कुणी विचारलेले मी तरी कधी ऐकले नाही. आज मला त्या ‘किती वाजता’विषयीच बोलायचे आहे.

नोकरीच्या काळात काही वर्षे मी मानवतला होतो. परभणीहून पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव कापसाच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात गाड्यांची रीघ लागे आणि घराघरांच्या खिडक्यांवर कापसाचे तंतू चिकटून बसत. पण दावणीला एखादी गाय किंवा म्हैस असलेली घरेही गावात पुष्कळ होती. आमच्या घरामागे असाच एक गोठा होता. थंडीच्या एका रात्री नऊच्या सुमारास तेथली लाल कंधारी गाय व्याली. वासरू धडपडत उभे राहिले आणि आपोआप कासेकडे वळले. तसे घरातल्या वयस्क बाईंनी त्याला बाजूला ओढले, खुंट्याला बांधले आणि तोंडाला मुसके घातले.

मी विचारले, “मावशी, पाजत का नाही त्याला?”

“जार पडू द्या की साहेब आधी. जार पडल्याबिगर चीक पाजत नसतेत. वासरू काय कुठं पळून चाललंय का?”

जार म्हणजे वार, गर्भाबरोबरचे ते वेष्टन. तो पडला सकाळी सहा वाजून गेल्यावर. म्हणजे वासरू नऊ तास उपाशी होते. मावशींचा जीव त्या वासरात नव्हता असे मुळीच नाही. रात्रभर त्या गोणपाटाने त्याचे अंग पुसत, शेकत बसल्या होत्या. चीक आधी पाजला तर गाईची ताकद जाते, जार आत अडकतो, वासराला हगवण लागते, अशी त्यांची तीन कारणे होती आणि ती त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेली होती. हाच समज मला नंतर नांदेडकडे, नगरकडे आणि थेट कोकणातही भेटला. आठव्या दिवशी ते वासरू हगवणीने गेले. एका वासरावरून काही सिद्ध होत नाही. हगवणीला कारणे अनेक असतात. पण त्या नऊ तासांत वासराच्या पोटात काय चालले होते, ते मला निवृत्तीनंतर कळले. एका कादंबरीत दुधाचा धंदा करणारे कुटुंब आले, त्यासाठी वाचू लागलो, परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन चार प्रश्न विचारले आणि कादंबरी बाजूला राहून हेच वाचत बसलो.

गाईचा जार मोठा कडक पहारेकरी असतो. आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रतिपिंडे तो गर्भाकडे जाऊच देत नाही. त्यामुळे वासरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. गोठ्यातील शेण, मूत, चिखल यांत रोगजंतूंना काही तोटा नसतो. आईने ही सगळी शिबंदी कासेत साठवून ठेवलेली असते, चिकात. चीक दाट आणि पिवळा दिसतो त्यात या प्रतिपिंडांचा वाटा मोठा असतो. आता अडचण अशी की प्रतिपिंड हे प्रथिन. ते पोटात गेले की खरे तर पचून त्याचे तुकडे व्हायला हवेत, जसे आपल्या पोटात डाळीचे होतात. तुकडे झाले तर त्याचा पहारेकरी म्हणून उपयोग शून्य. म्हणून निसर्गाने नवजात वासराच्या पोटाची व्यवस्थाच वेगळी ठेवली आहे. पोटातील आम्ल अजून पुरते तयार झालेले नसते. चिकात स्वतःतच पचन रोखून धरणारा एक घटक असतो. आणि लहान आतड्याच्या आतील पेशी प्रतिपिंडांचा अखंड रेणू जसाच्या तसा गिळतात व रक्तात पोहोचवतात. मोठ्या जनावराच्या आतड्याला हे कधीच जमत नाही.

पण ही सोय जेमतेम दिवसभराची. जन्मल्या क्षणापासून आतड्याची ही गिळण्याची शक्ती कमी होऊ लागते आणि चोवीस तासांच्या आसपास संपते. शास्त्रज्ञ याला आतडे ‘मिटणे’ म्हणतात. १९७९ मध्ये अमेरिकेत स्टॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांना जन्मानंतर वेगवेगळ्या तासांना चीक पाजून हे मोजले. उपाशी ठेवले तर आतडे आपली वाट पाहत उघडे राहील, हा भरवसाही त्यात टिकला नाही. थोडेफार पुढे-मागे होते, पण वासरू उपाशी असले तरी दार मिटतच जाते. म्हणजे मावशी म्हणाल्या ते बरोबर होते, वासरू कुठे पळून चालले नव्हते. पळून चालली होती ती वेळ.

हे दार मिटते कुणाच्या सांगण्यावरून? येथे संप्रेरकांची गोष्ट सुरू होते आणि गंमत अशी की संप्रेरक नावाची वस्तू माणसाला पहिल्यांदा सापडली तीही आतड्यातच. १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग हे दोघे कुत्र्याच्या पचनावर प्रयोग करीत होते. आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या नसा त्यांनी तोडल्या होत्या, म्हणजे मेंदूशी दळणवळण बंद. तरीही त्या तुकड्यात आम्ल घातल्याबरोबर दूरचे स्वादुपिंड पाझरू लागले. निरोप रक्तातून गेला होता. त्या निरोप्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा सगळ्या निरोप्यांसाठी हॉर्मोन हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेतील ज्या शब्दावरून तो आला त्याचा अर्थ चेतवणे, हलवून जागे करणे. आपल्या परिभाषाकारांनी केलेला ‘संप्रेरक’ हा शब्द मला म्हणूनच आवडतो.

पिल्लांच्या आतड्यांवर या निरोप्यांचा अंमल कसा चालतो, हे पुढे उंदरांवरून कळले. उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा फार कच्चे असते, डोळेसुद्धा मिटलेले. त्याचे आतडे वासरासारखे एका दिवसात मिटत नाही. सुमारे तीन आठवडे ते आईच्या दुधातील प्रतिपिंडे घेत राहते. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू दाणे कुरतडू लागते आणि त्याच सुमाराला आतड्यात मोठी उलथापालथ होते. दुधातील साखर पचवणारा रस कमी होतो, धान्यातील साखर पचवणारा रस पहिल्यांदाच दिसू लागतो, प्रतिपिंडे गिळणे बंद होते. एखाद्या दुकानाने रात्रीत फळी बदलून दुसऱ्याच मालाचा धंदा सुरू करावा तसे. नेमक्या त्याच दिवसांत पिल्लाच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या स्टेरॉईड जातीच्या संप्रेरकाचे आणि गळ्यातील अवटू ग्रंथीच्या थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण वाढलेले असते.

आता दोन गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कोंबडा आणि सूर्योदय यांचेही तसेच आहे. त्यासाठी प्रयोग लागतो. फ्लॉरेन्स मूग या अमेरिकन संशोधक बाईंनी १९५३ मध्ये दूधपित्या उंदरांवर दाखवून दिले की आतड्यातील एका विकराची वाढ अधिवृक्क ग्रंथींच्या हुकमावर चालते. १९५९ मध्ये हॅलिडे यांनी उंदराच्या पिल्लांना स्टेरॉईड टोचले आणि त्यांची आतडी ठरलेल्या दिवसाच्या आधीच मिटली. पुढे इतरांनी उलट बाजूही तपासली. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या तर हा बदल रेंगाळतो. रेंगाळतो, पण पुरता थांबत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आतड्याच्या पेशींजवळ त्यांचे स्वतःचेही एक पंचांग असते आणि संप्रेरक त्यातील तिथी अलीकडे-पलीकडे करते.

पावसाळ्यात डबक्यातले बेडकाचे पिल्लू पाहिले असेल त्याला थायरॉक्सिनचे काम वेगळे सांगायला नको. शेवाळ खाणाऱ्या त्या पिल्लाच्या पोटात घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले लांबच लांब आतडे असते. बेडूक होताना ते आखडून आपल्या मूळ लांबीच्या एका तुकड्याएवढे उरते, कारण पुढचे सगळे आयुष्य किडे खाण्यात जायचे असते. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने अशा पिल्लांना घोड्याची अवटू ग्रंथी खाऊ घातली, तर ती वेळेआधीच इवलेसे बेडूक बनून बसली. सस्तन प्राण्यांत एवढा तमाशा होत नाही, परंतु संप्रेरक तेच.

वासराच्या बाबतीत शास्त्रज्ञ जरा जपून बोलतात. तेथे स्टेरॉईड संप्रेरक एकटेच दार लावून घेते असे दिसत नाही. पेशींचे वय आणि पहिला आहार यांचाही त्यात हात आहे. मात्र दार उघडे असण्याची आणि एकूण पोटाची जी तयारी लागते, ती जन्माआधीच्या दिवसांत याच संप्रेरकाने करून घेतलेली असते. गर्भाच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल भराभर सोडू लागतात. मेंढी आणि गाय यांच्यात प्रसूतीची घंटा वाजते तीच मुळी या कॉर्टिसॉलमुळे. म्हणजे गाय कधी विणार हे गाय ठरवत नाही, पोटातले वासरू ठरवते. घराबाहेर पडायची तयारी झाली की आतून कडी वाजवायची, अशी ही पद्धत. त्या तयारीत फुप्फुसे येतात, यकृत येते आणि आतडेही येते. त्याच्या आतील बोटांसारखे बारीक उंचवटे वाढतात, पाचक रस तयार होऊ लागतात. डेन्मार्कमध्ये पेर सांगिल्ड यांनी डुकरांवर केलेल्या कामात हे स्वच्छ दिसते. दिवस भरण्याआधी पोट फाडून बाहेर काढलेली पिल्ले चिकातील प्रतिपिंडे नीट शोषू शकत नाहीत, आणि गर्भातच कॉर्टिसॉल दिले तर त्यांची ती शक्ती सुधारते.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचे डॉक्टर लिगिन्स प्रसूतीच्या या घंटेचाच शोध घेत होते. पोटातील कोकरांना स्टेरॉईड देऊन ते प्रसूती कशी सुरू होते ते पाहत. त्यांत एक कोकरू इतक्या लवकर जन्मले की त्याने जगायलाच नको होते; पण ते श्वास घेत होते. १९६९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये हॉवी या बालरोगतज्ज्ञांबरोबर त्यांनी लवकर प्रसूत होऊ घातलेल्या मातांना तेच औषध देऊन पाहिले आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे श्वासाचे हाल कमी झाले. मेंढीच्या गोठ्यातून निघालेली ही वाट आज जगभरच्या प्रसूतिगृहांत जाते. या इंजेक्शनाने फुप्फुसे पिकतात हे बहुतेकांना ठाऊक असते. आतडीही पिकतात हे फारसे कुणी सांगत नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना आतड्याचा भाग सडत जाण्याचा एक भयंकर विकार होतो, डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. ज्यांच्या मातांना वेळेवर इंजेक्शन मिळाले त्यांच्यात तो कमी आढळतो.

‘वेळेवर’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण त्यावरून आपल्याच भागात एक मोठा धडा मिळाला. इंजेक्शन स्वस्त आणि गुणकारी, मग खेडोपाडी का देऊ नये, असे कुणालाही वाटेल. सहा देशांत त्याची चाचणी घेतली गेली, सुमारे एक लाख जन्मांवर, आणि भारतातील दोन ठिकाणे होती नागपूर आणि बेळगाव. २०१५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सगळे चरकले. अगदी कमी वजनाच्या मुलांना अपेक्षित लाभ झाला नव्हता आणि एकूण नवजात मृत्यू थोडे वाढलेच होते. इंजेक्शन घेतलेल्या कित्येक मातांची प्रसूती पुढे दिवस भरूनच झाली. म्हणजे ज्या मुलाला त्या निरोपाची गरज नव्हती त्याला तो अवेळी पोहोचला. मृत्यू नेमके कशाने वाढले याचा वाद संपलेला नाही. त्यानंतर भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, दिवस नीट मोजून आणि नवजात मुलांच्या देखभालीची सोय असेल तेथेच, पुन्हा चाचणी झाली. २०२० मध्ये तिचे निकाल आले, त्यात मृत्यू स्पष्टपणे कमी झाले होते. औषध तेच, मात्राही जवळपास तीच. बदलली ती वेळ आणि जागा. ज्यांना संप्रेरके म्हणजे टॉनिकसारखी जितकी घ्याल तितकी चांगली असे वाटते, त्यांनी ही हकिगत लक्षात ठेवावी.

आतापर्यंत मी पिल्लाच्या स्वतःच्या ग्रंथींविषयी बोललो. पण पिल्लाला संप्रेरकांची दुसरी शिदोरी मिळते ती आईकडून, चिकातून. मेंदूखालच्या मुख्य ग्रंथीला आपल्याकडे पीयूष ग्रंथी म्हणतात. पीयूष म्हणजे अमृत, आणि पुण्या-मुंबईकडे उपाहारगृहात पेल्यातून मिळते तेही पीयूषच. पण अमरकोशात या शब्दाचा एक अर्थ आहे नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध. चिकाला अमृत म्हणणारे लोक हे, आणि त्यांचीच नातवंडे वासराला मुसके बांधतात! असो. या पीयूषात इन्सुलिन, इन्सुलिनसारखी वाढ घडवणारी द्रव्ये, प्रोलॅक्टिन असे बरेच काही असते, आणि पुढच्या दुधापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. ती सगळी वासराच्या रक्तात उतरतात असे नाही. पुष्कळशी तर आतड्याच्या आतल्या अस्तरावरच आपले काम करतात. तेथील पेशींना ती वाढा म्हणून सांगतात.

केंब्रिजच्या एल्सी विडोसन या आहारशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ मध्ये डुकराच्या नवजात पिल्लांवर साधा प्रयोग केला. काही पिल्ले चोवीस तास आईला पिऊ दिली, काहींना केवळ पाणी दिले. पिणाऱ्या पिल्लांचे आतडे एका दिवसात वजनाने आणि लांबीने डोळ्यांत भरण्याइतके वाढले. पाण्यावरच्यांचे वाढले नाही. सांगिल्ड यांच्या गटाने पुढे अपुऱ्या दिवसांच्या पिल्लांना डब्याचे दूध आणि गाईचा चीक देऊन तुलना केली, तर आतडे सडण्याचा तो विकार डब्याच्या दुधावर जास्त आणि चिकावर कमी दिसला.

माणसाचे मूल वासरापेक्षा एका बाबतीत नशीबवान असते. आईची प्रतिपिंडे त्याला वारेतून आधीच मिळतात, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. त्यामुळे त्याच्या आतड्याचे दार जन्मताना बऱ्याच अंशी मिटलेले असले तरी बिघडत नाही. पण म्हणून आईचा चीक त्याला अनावश्यक ठरत नाही. तो आतड्याच्या आतील बाजूवर प्रतिपिंडांचा लेप देतो, जंतूंना चिकटू देत नाही, आणि वाढीचे निरोप पोहोचवतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला तर ते दूध औषधासारखे असते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातील पहिली. एका आईचे जास्तीचे दूध, तपासून आणि निर्जंतुक करून, दुसऱ्या आईच्या इवल्याशा मुलाला. पेढी हा शब्द बँकवाल्याच्या कानाला फार गोड लागतो. ठेवीदाराला व्याज नाही, कर्जदाराकडून वसुली नाही, आणि तरी ती चालली आहे.

आमच्या पिढीतल्या बऱ्याच घरांत बाळंतिणीचे पहिले दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकत आणि बाळाला तीन दिवस मध नाही तर गुळाचे पाणी चाटवत. आता बाळंतपणे दवाखान्यात होतात, परिचारिका आग्रह धरतात, तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशात जन्मल्यापासून तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले शंभरात सुमारे बेचाळीसच निघाली. उरलेल्यांच्या घरी जार पडायची वाट कुणी पाहत नसेल. पण कुणी आत्या यायची वाट पाहते, कुणी सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची, आणि शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल तर आई शुद्धीवर यायची.

गोठ्याकडे परत येतो, कारण जाराविषयीची सगळ्यांत मजेची गोष्ट सांगायची राहिली. पान्हा हा शब्द आपल्या भाषेत किती जुना आहे! वासराने ढुशी मारली की गाय पान्हा सोडते, हे शेतकऱ्याच्या पोराला चालता येण्याआधी कळते. हा पान्हा म्हणजे ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकाची करामत. सडाला वासराचे तोंड लागले की गाईच्या मेंदूला वर्दी जाते, पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटते आणि कासेतील दूध खाली येते. वासराऐवजी सुई टोचून पान्हा काढणाऱ्या लोभी गोठ्यांमुळे या संप्रेरकाचे नाव बदनाम झाले, त्याबद्दल कधी तरी स्वतंत्रपणे लिहीन. ऑक्सिटोसिनचे दुसरे काम, आणि शास्त्राला आधी कळले तेच, गर्भाशय आवळण्याचे. १९०६ मध्ये हेन्री डेल यांना ते दिसले होते. गर्भाशय आवळले की जार सुटायला मदत होते. म्हणजे वासराला कासेला लावले असते तर जार अडकण्याची भीती राहिली बाजूलाच, तो पडायला हातभारच लागला असता. जार पडेपर्यंत वासराला दूर ठेवणे म्हणजे पाहुणा आत आल्याशिवाय दार उघडणार नाही म्हणण्यासारखे झाले.

मावशींचे तिसरे कारण, हगवण, तेवढे अगदीच पोकळ नव्हते. अधाशासारखा भलताच चीक एकदम पिऊन वासराचे पोट बिघडू शकते. म्हणून पशुवैद्य वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवसात विभागून द्यायला सांगतात, आणि त्यातला पहिला वाटा पहिल्या तास-दोन तासांत. वीस किलोच्या वासराला दोन लिटर. पण नऊ तास उपाशी राहिलेल्या वासराला मिटत चाललेल्या दाराशी चीक द्यायचा आणि मग हगवण लागली की दोष चिकाला द्यायचा, असा हा उलटा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालला.

हिशेबावरून आठवले. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या काळात, म्हणजे १९८० नंतरच्या दोन दशकांत, आम्ही दुभत्या जनावरांसाठी कर्जे वाटली. त्या प्रकरणांत दूध किती लिटर, दर काय, वैरण कितीची, भाकड काळ किती, सगळे रकाने असत. दुभते जनावर भाकड झाले तर हप्ता थांबू नये म्हणून सहा महिन्यांनी दुसरे द्यायची योजना असे. जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला असे आणि ते मेले तर तो बिल्ला टेबलावर ठेवल्याशिवाय दावा मंजूर होत नसे. आमच्या तक्त्यात वासराला मात्र रकाना नव्हता. तीन-चार वर्षांनी तीच कालवड घरची दुभती गाय होणार आणि पुढचे कर्ज काढायची गरजच पडणार नाही, हा हिशेब त्या कागदावर कुठे बसत नव्हता. वासरू मेले तर नोंद होत नसे, फक्त गाय आटली म्हणून हप्ता थकला की मग आम्ही गोठ्यावर जात असू. वासराविना गाय पान्हवत नाही, हे कर्जदार सांगे. तपासणी अहवालात आम्ही ‘दूध उत्पादनात घट’ असे लिहीत असू.

खरवसप्रेमींनी घाबरू नये. चांगल्या गाईला वासराला पुरून उरेल इतका चीक असतो. पहिल्या धारेत प्रतिपिंडे सर्वांत जास्त असतात, दुसऱ्या-तिसऱ्या धारेला ती झपाट्याने उतरतात, आणि खरवस तर दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही छान होतो. पहिली धार वासराची ठेवली की झाले.

ती पहिली धार किती कसदार आहे हे मोजायचेही साधन आहे, आणि ते आपल्या भागाला चांगले परिचयाचे आहे. जायकवाडीचे पाणी आल्यापासून पाथरी-मानवत पट्ट्यात ऊस आला. उसाच्या रसाचे दोन थेंब काचेवर टाकून, डोळा लावून उतारा पाहायचे ते ब्रिक्सचे नळकांडे शेतकऱ्यांनी पाहिलेले असते. तेच नळकांडे चिकालाही चालते. दोन थेंब काचेवर टाकायचे, बावीस किंवा त्याच्या वर आकडा आला तर चीक उत्तम. हे मी मध्यंतरी मानवतच्या एका तरुण दूध उत्पादकाला सांगितले. त्याच्या गोठ्यात संकरित गाई आहेत आणि ऊसही आहे. त्याने कपाटातून नळकांडे काढले, पुसले, आणि म्हणाला, “काका, हे तर घरातच आहे की. पण रात्री दोन वाजता गाय व्याली, तर आकडा बघू का आधी वासराला लावू?”

मी म्हटले, आधी वासराला लाव.